घर निघालं तो दिवस

चिलोए बेटावर घरं चालतात.
खोटं नाही. खाली ओंडके सरकवायचे,
बैलांच्या आठ जोड्या, दोर, गावातली माणसं,
आणि घर टेकडी उतरतं
खिडक्यांतल्या पडद्यांसकट,
भरतीवर तरंगत पलीकडच्या काठाला लागतं.
याला आम्ही मिंगा म्हणतो. मजुरी कोणी घेत नाही.
घरच्यांनी जेवू घालायचं, एवढाच करार.

रोसेन्दो सतरा वर्षांनी आला तो मिंगा ठरवायलाच.
बापाचं घर, कागद त्याच्या नावचे.
एदुविहेसशी बोलला नाही.
चॅपलच्या पायरीवर मला म्हणाला, "त्यांना सांगा."
त्यांना.
चार वर्षांचा होता तेव्हापासून जिने वाढवला,
गोवरात अकरा रात्री मांडीवर धरला,
तिला.

दर हिवाळ्यात ती त्याला मोजे विणायची.
पुन्ता आरेनासचा पत्ता मी लिहायचो, तिला लिहिता येत नाही.
दरवर्षी माप थोडं मोठं.
पुरुषाचा पाय विशीनंतर वाढत नाही, मी म्हणालो एकदा.
"लोकर आटते ना पण," ती म्हणाली.
दोन पुडकी परत आली, शिक्क्यानिशी.
तिने मोजे उसवले
आणि त्याच लोकरीचे पुन्हा विणले.

मी निरोप सांगितला तेव्हा ती बटाटे किसत होती.
हात थांबला नाही.
"किती माणसं येतील?"
मग बऱ्याच वेळाने,
"शिष्यांचे पाय धुतल्याचं तुम्ही वाचता ना दरवर्षी,
यहूदाची पाळी कितवी होती?"
लिहिलेलं नाही, म्हणालो.
"शेवटची असेल, तर पाणी गार झालं असणार.
प्रभूने बदललं असेल का?"
तीस वर्षं मी इथे प्रार्थना सांगतो,
फादर बोटीने येतो वर्षातून दोनदा, बाकी मीच.
पाण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्या दिवशी ती तीनला उठली.
बासष्ट माणसांचं रांधलं, उघड्यावर, ओल्या लाकडांवर.
त्याआधी घराची जमीन घासली,
कोपऱ्यांतून, गुडघ्यांवर बसून.
जाणारं घर मळकं जाऊ नये म्हणे.

मी दोर ओढला. हेही लिहून ठेवतो.
ओढायचा नव्हता.
तिनेच तो हातात दिला:
"उतारावर तुम्ही पुढे राहा, बैल तुमचं ऐकतात."
घर हललं तेव्हा दाढ उपटल्यासारखा आवाज झाला.

दुपारी तो लांब, एका ओंडक्यावर बसला,
बूट चिखलाने भरलेले.
ती ताट घेऊन गेली. त्याने हात पुढे केला नाही.
ताट तिने बाजूला ठेवलं, शेजारी कोरडे मोजे,
आणि वाट न बघता परत फिरली.
ताट रिकामं आलं.
तिला बरं वाटलं.
तिथे कुत्रीही होती, हे मी बोललो नाही.
मोजे संध्याकाळपर्यंत पावसात पडून होते.
तिने उचलले, पिळले, कमरेला खोचले.

भरतीला घर पाण्यात उतरलं.
दोन होड्या ते ओढत होत्या. तो पुढच्या होडीत,
आमच्याकडे पाठ.
तिने हात वर केला.
घराला की त्याला, मी विचारलं नाही.

मागे टेकडीवर एक चौकोन उरला,
कितीतरी वर्षं पाऊस न लागलेल्या मातीचा,
फिका, कोरडा, भुसभुशीत.
ती त्यात अनवाणी उभी राहिली.
"बटाटे चांगले येतील इथे."

मला तिला काही सांगायचं होतं.
ती त्या विधुराच्या घरात राहायला गेली
त्या वर्षीपासून ते माझ्याकडे पडून आहे.
सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी बेण्याची दोन पोती नेऊन दिली,
निळ्या सालीची. ती आता मागच्या धुराच्या खोपटात राहते.
पोती तिने हाताने चाचपली, म्हणाली,
"पीक आलं की त्यालाही पाठवू थोडे.
पलीकडचा पत्ता काय हो?"

सांगितला. लिहायला मी आहेच.