पांढऱ्याची मोजणी

जुना पादरा रोड, सातवा मजला.
भिंतींना काळी मखमल, छतही काळं;
कॅनडातल्या मुलानं फोनवरूनच करून घेतलेलं.
पडद्यासमोर चार खुर्च्या,
तीन अजून प्लॅस्टिकमध्येच.

मी तिकाटण्यावर मीटर लावते,
त्याचं तोंड पडद्याकडे करते
आणि राखाडीच्या पायऱ्या चढू लागते:
पाच टक्के, दहा टक्के, पंधरा.
निळा दोन घरं पुढे धावतोय, लाल मागे रेंगाळतोय,
काळं अजून काळं नाही,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं.
बडोद्यात हे काम करणारे आम्ही दोघं होतो.
दुसरा सुरतेला गेला, हिऱ्यांत.

हैबतराव पागेदार मागे उभे.
चहा ठेवलाय, वर बशी झाकून.
"बेन," म्हणतात,
मी रावपुऱ्यातल्या फणशांची हे ठाऊक असून मुद्दाम,
"पांढरं कुठलं धरता तुम्ही?"

सहा हजार पाचशे केल्विन. ठरलेलं आहे.
"सगळ्या जगाचं?"
सगळ्या जगाचं.

एकतीस वर्षं त्यांनी मांडवीपलीकडच्या टॉकीजमध्ये
दोन मशिनं सांभाळली.
कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर,
मधे हरभऱ्याच्या दाण्याएवढं अंतर.
"लक्ष चुकलं, अंतर वाढलं,
की पडदा पिवळा पडायचा
आणि खालून शिट्टी यायची.
तेच आमचं मीटर."

मग डाव्या डोळ्यावर तळहात धरतात.
"हा उजवा श्रावणात केला, लेन्स नवी.
याला तुमचं पांढरं निळं दिसतंय,
नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं."
तळहात बदलतात.
"आणि ह्याला साय.
हा अजून करायचाय. तीनदा तारीख मिळाली,
तिन्हीदा मीच गेलो नाही."

शिकवणीत हे नव्हतं.
दोन्ही उघडे असले की मेंदू सरासरी काढतो,
मी सांगते, ऐकीव.
"सरासरीचं पांढरं कुणी पाहिलंय, बेन?"

त्यांनी एक तबकडी लावायला सांगितली.
कृष्णधवल चित्रपट, नव्यानं स्वच्छ केलेला,
धूळ नाही, थरथर नाही,
नायिकेच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा.
चौथं रीळ. विहिरीचा काठ.
ते खुर्चीच्या टोकावर आले.
"इथे रेघ होती. उभी, तिच्या गालावरून.
गेटात खडा अडकला होता, मी पाहिला नाही.
सतरा आठवडे रोज तीनदा
ती रेघ घेऊनच पाणी शेंदायची."

ती तुमच्या प्रिंटवर होती काका,
हे मूळ निगेटिव्हवरून काढलंय.

"म्हणजे हिला माझी रेघ कधी लागलीच नाही?"

नाही.

"बरं झालं," म्हणाले.
पण उठले, पडद्याजवळ गेले,
आणि जागा न चुकता, न चाचपता
झोतात एक बोट धरलं.
गालावरून सावली उतरली, बारीक, उभी.
ती पाणी शेंदत राहिली.
मी प्रसंग थांबवला नाही.

उजव्यासाठी मीटरनं लावलं, वीस मिनिटांत.
आकडे सरळ रेषेत, दाखवावेत असे.
डाव्यासाठी मीटर बंद करून ठेवलं,
त्याच्यात साय मोजायची सोय नाही.
ते उजवा डोळा झाकून बसले,
मी अंदाजानं लाल चढवत गेले, निळा उतरवत,
आणि चुकलं की
मागून, अंधारातून,
दातांतून हवा सुटणारी म्हातारी शिट्टी.

दोनदा वाजली.
मी एक घर मागे आले. अजून अर्धं.
मग थांबले, कान देऊन.
चहावर साय धरली होती.
मागे काहीच वाजलं नाही.