अंग चोरून

खोली दोनशे चौदा.
दारावरच्या यादीत नावं दोन,
आत माणसं पाच.
पाचवा मी, झिएम.

कुमासीत आमच्यासारख्यांना पर्चर म्हणतात,
म्हणजे दुसऱ्याच्या फांदीवर
तात्पुरतं टेकलेलं पाखरू.
यादीत नाव नाही, बाहेरच्या भाड्याला पैसे नाहीत,
त्यानं कुणीतरी ओळखीचं शोधायचं.
माझ्या ओळखीचा सेलोर्म :
प्रवेशाच्या रांगेत त्यानं माझं पेन घेतलं
आणि अजून दिलेलं नाही.

गादी तीन घड्यांची, दिवसा कपाटामागे.
रात्री अकरानंतर
दोन खाटांमधल्या फटीत उलगडायची.
कूस बदलायची तर
आधी अमोआकोचे बूट हलवायचे.
पोर्टर ओपारे जिन्यावरून येतो
चावीनं कठडा वाजवत,
तेव्हा एक जण न्हाणीघरात, एक बाल्कनीत,
आणि मी खाटेखाली
सूटकेसच्या शेजारी, सूटकेसइतका शांत.
मला वाटतं, त्याला ठाऊक असावं.
पाच टूथब्रश काही खाटेखाली लपत नाहीत.

अंग चोरायची ही सवय मग दिवसाही सुटेना.
आठशे मुलांच्या वर्गात मी पायरीवर, कडेला.
कॅन्टीनवाली बाई ट्वीमध्ये काहीतरी विचारायची,
मी मान डोलवायचो,
ताटात पडेल ते माझ्या आवडीचं.
सगळे हसले की मीही हसायचो,
जरासा उशिरा.
घरी, दागारेत, मी इतका बडबड्या
की आजोबा म्हणायचे,
याच्या जिभेला कुणीतरी दावं बांधा.

आईचा फोन रविवारी.
जेवलास?
जेवलो.
खाट बरी आहे ना?
बरी आहे.
खोटं नव्हतं ते.
खाट बरीच होती, खालून पाहिली तरी.
गणितात वीसपैकी सहा मिळाले, ते मात्र
तिनं विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

निघताना तिनं एक डबा दिला होता,
दूध पावडरचा जुना,
काठोकाठ शिआचं लोणी.
झाकण उघडलं की चुलीचा धूर
आणि तिच्या मनगटांचा वास.
म्हणून मी उघडलाच नाही.
मोज्यात गुंडाळून ठेवला तळाशी.

जानेवारीत हरमॅटन सुटला.
आधी टेकडी गेली, मग पाण्याची टाकी,
मग समोरचं हॉस्टेल.
भातावर धूळ, वहीवर धूळ, दातांत धूळ.
अमोआकोचे ओठ उलले,
सेलोर्मच्या टाचांत नाणं उभं राहील अशा भेगा.
कुठून येते ही घाण? तो ओरडला.
आमच्याकडून, मी म्हणालो.

क्षणभर कुणी बोललं नाही.
मग सगळे हसले,
मला की माझ्यासोबत, कळलं नाही,
आणि या वेळी उशीर त्यांनी केला होता.

मी डबा काढला.
दहा हात, दहा टाचा,
खोलीभर तो वास,
आणि त्या गडबडीत कठड्यावरची चावी
कुणालाच ऐकू आली नाही.

ओपारे दारात.
त्यानं आम्हाला मोजलं, ओठ न हलवता.
उद्या तपासणी आहे, म्हणाला,
जादा गाद्या मला दिसता कामा नयेत.
मग चावी खिशात टाकून
दोन्ही हात पुढे केले,
सांध्यासांध्यांवर फुटलेले.
मी त्याच्या तळव्यावर बोटभर लोणी ठेवलं.
आज्जीही हेच लावायची, तो म्हणाला, पुटपुटल्यासारखं,
आणि जिना उतरला
कठडा न वाजवता.

त्या रात्री माझा पाय बुटांना लागला.
मी तो मागे घेतला नाही.

सकाळी गादी उचलली
तर फरशीवर सगळीकडे धुळीचा थर,
फक्त मधे एक लांबट, लख्ख तुकडा.
एवढा मी.
सेलोर्म दात घासत आला,
त्यावर पाय न देता ओलांडून गेला.

पेन मागायचं होतं त्याच्याकडे.
राहून गेलं.