दुसरा चहा

आमच्या घरात दोन चहा होतात.
एक माझा, किटलीतला, दुधाचा.
दुसरा इड्वलचा, वीस लिटरच्या बादलीतला.
त्याला उकळायचं नसतं,
जागवायचं असतं.

पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं,
म्हणजे नळातलं क्लोरीन उडून जातं.
मग चार ओंजळी गांडूळखत
माझ्या फाटक्या स्टॉकिंगमध्ये बांधून आत सोडायचं.
(मला विचारलं नव्हतं. आणि ते फाटकंही नव्हतं.)
वर दोन चमचे काकवी.
नातवाचे मासे मेले, त्यांच्या टाकीचा पंप उरला होता,
त्याची नळी तळाशी.
दिवसरात्र बुडबुड बुडबुड,
वर मळकट फेस,
आणि वास तळघरातल्या अळंब्यांचा.

हे सगळं परसातल्या पाच वाफ्यांसाठी.
कार्डिफहून आलेले पाहुणे म्हणतात,
वा, काय काळीभोर माती तुमची!
काळी आहे, पण नुसती रंगानं.
डोंगरातून कोळसा निघाला तो जहाजांनी गेला.
मागे जे उरलं, ओतलं गेलं, पावसानं खाली आलं,
त्यात आम्ही वाल पेरतो.
फावडं घातलं की खर्र वाजतं.

इड्वल एकोणीस वर्षं त्या डोंगराच्या पोटात होता.
आता डोंगर थोडा त्याच्या छातीत आहे.
डॉक्टर त्याला भलंमोठं नाव देतात.
आमच्या दरीत नुसतं म्हणतात, त्याला धूळ आहे,
जसं म्हणावं, त्याला दोन मुली आहेत.

मे महिना, तरी रात्री गारठा होता,
म्हणून बादली मागच्या खोलीत आणलेली.
पावणेदोनला मला जाग आली.
आवाजानं नव्हे,
आवाज थांबल्यानं.
हात शेजारी नेला. अंथरूण कोमट, माणूस नाही.
दिवा लागेना. वाऱ्यानं कुठेतरी तार तुटली होती.

जिना उतरताना मी काय काय ठरवलं
ते इथं सांगणार नाही.

तो खाली बादलीपाशी स्टुलावर बसलेला,
कपाळावर नातवाचा खेळातला दिवा,
हातात दुधाचा जग.
बुडवायचा, उंच धरायचा, ओतायचा.
बुडवायचा, उंच धरायचा, थांबायचा,
धाप टाकायचा, ओतायचा.

"हवा थांबली तर सकाळपर्यंत
सगळे जातील, मेरेरिड."
सगळे, म्हणाला.
ज्यांना कधी पाहिलं नाही, दिसायचेही नाहीत,
त्यांना सगळे.
आणि मग, ओतता ओतताच,
चव्वेचाळीस वर्षांत जे बोलला नव्हता ते बोलला:
खाली एकदा पंखा बंद पडला होता, पस्तीस मिनिटं.
कोण कुठे बसलं होतं. कुणी विनोद सांगितला.
विनोद मला कळला नाही. तो हसला, खोकला,
जग माझ्या हातात दिला.

पहाटे साडेपाचला पंप आपोआप सुरू झाला.
फ्रिजही, आणि स्वयंपाकघरातला रेडिओ,
उगाच मोठ्यांदा.
आम्ही दोघांनी बादलीत नाक घातलं,
बाळ शू करून झोपलंय का बघतात तसं.
सडका नव्हता. अळंब्याच.
ऊन चढायच्या आत झारीनं वाफ्यांना घातला,
चार तासांत संपवावा लागतो,
शिळा चहा मातीलाही चालत नाही.

फळ म्हणाल तर,
गावच्या प्रदर्शनात इड्वलच्या लीकना तिसरा नंबर,
आणि लीक आणणारे होते चौघे.
पहिला एम्लिन. तो पाकिटातलं खत घालतो
आणि तसं सांगतोही, तोंड वर करून.

सप्टेंबरात वाल काढल्यावर
इड्वलनं रिकाम्या वाफ्यात फावडं घातलं,
काढलं,
पुन्हा त्याच जागी घातलं.
मी खिडकीतून विचारलं, काय हरवलं?
त्यानं हात वर केला,
थांब, बोलू नको.

मी थांबले.
कपातला माझा चहा गार होत होता.
त्यानं तिसऱ्यांदा फावडं घातलं,
आणि कान खाली नेला.