माया

मापांच्या वहीत, ब्लाउजांची पानं संपल्यावर,
बाबांनी एक कोरं पान काढलं.
वर लिहिलं: तेजल, कॉलेज.
रकाने छापलेलेच होते, छाती, कंबर, उंची, बाही.
ते खोडून त्यांनी केले
फी, बस, पुस्तकं, सूट.

सूट या शब्दावर त्यांचा विश्वास नाही.
लक्ष्मी रोडला तो बारा महिने पाटीवर असतो.

नाना पेठेतल्या आमच्या दुकानात
माझे टक्के महिनाभर हँगरला होते,
ट्रायलला आलेल्या कपड्यासारखे.
'किती पडले हो पोरीला?'
बाबा टाचण्या ओठांत धरूनच सांगायचे,
'ब्याण्णव पूर्णांक चार.'
चार कधी गाळले नाहीत.

सोमवारी दुकान बंद. सोमवारी कॉलेजं.
स्वारगेटहून कात्रज, कात्रजहून आंबेगाव,
एकदा तर वाघोली. दोन बस, एक शेअर रिक्षा.
मांडीवर पोळीचा रोल
आणि प्लॅस्टिकच्या फाइलीत उत्पन्नाचा दाखला,
ज्यात बाबांचं अख्खं वर्ष
एका ओळीत मावलं होतं.

बायपासजवळच्या कॉलेजात लिफ्टला आरसा होता.
मी त्यात केस सारखे केले.
काउन्सेलर सर म्हणाले,
'नव्वदच्या वर शंभर टक्के फी माफ!
मुलगी तुमची, जबाबदारी आमची.'
मी मनातल्या मनात तिथली झालेसुद्धा.

बाबांनी माहितीपत्रक चिमटीत धरलं,
कापड धरतात तसं, आणि उलटं केलं.
ते कायम उलटी बाजू आधी बघतात.
तिथं बारीक अक्षरात होतं:
दर वर्षी नऊ सीजीपीए. नाहीतर पूर्ण फी.

'साहेब, यात माया किती सोडलीय?'

सरांचा चेहरा आवळला.
'पैशाचं इथं काही चालत नाही, काका.
आम्ही डोनेशन घेत नाही.'

'तसं नाही. म्हणजे शिवणीच्या आत.
पोर एखाद्या वर्षी आजारी पडली,
एखादा पेपर अंगाला बसला नाही,
तर उसवून सैल करता येईल
असं काही आत ठेवलंय का?'

सरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी लिफ्टकडे.

बसमध्ये मी बोलले नाही.
लाज नेमकी कुणाची वाटत होती
ते अजून नीट सांगता येत नाही.

शिवाजीनगरचं कॉलेज जुनं, दगडी, पंखे कुरकुरणारे.
खिडकीत कुदळे बाई, चष्म्याला दोरी.
'अर्धी फी. पास झाली की पुढच्या वर्षी परत अर्धी.'
'अट?'
'हीच. कोणी गृहस्थ बायकोच्या नावानं ठेवून गेलेत.
त्यांनी एवढंच लिहिलंय.'
बाबांनी तोही कागद उलटा केला.
मागं काहीच नव्हतं. बोट फिरवून पाहिलं, तरी नव्हतं.

उरलेली अर्धी एकतीस हजार.
बाबांनी वहीत मांडलं: अस्तराचे एकोणनव्वद ब्लाउज,
किंवा दोन बरी लग्नघरं.
मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, 'जमतंय.'
मला ते जमणं नको होतं, हेही लिहायला हवं.
आरसा असलेली लिफ्ट
अजून कधीकधी झोपेत वर जाते,
आणि मी आत असते.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या रात्री
त्यांनी माझा दहावीतला निळा कुर्ता उसवला.
दोन्ही कडांतून दोन-दोन बोटं कापड निघालं,
ऊन न लागलेलं,
दुकानातून आणलं त्या दिवसाइतकं निळं.
मशीन बाराच्या पुढंही चालू होतं.

आता कुर्त्याला दोन्ही बाजूंनी
गडद पट्टी दिसते.
पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं,
'डिझाइन आहे का गं?'
मी हो म्हणाले.