करवतीचा काठ, वीस मेगाबाइट

गोळीबार चौक, मे महिन्यातली दुपार.
कूलर मी मुद्दाम बंद ठेवलाय.
तो लागला की व्होल्टेज पडतं
आणि सत्त्याऐंशी सालचं हे यंत्र,
ज्याचं अख्खं पोट कीबोर्डातच आहे,
डोळे मिटून घेतं.

‘काहून जीव काढून राहिली त्याचा?’ बाबा म्हणतात.
त्यांनीच आणलं होतं घरी,
विणकर सोसायटी बुडाली तेव्हा,
शेवटच्या तीन पगारांऐवजी.
ह्याच्यावर त्यांनी करवतीचे काठ काढले,
एकेक चौकोन मोजून, पायरीपायरीनं,
टसरवर दात चढतात तसे.
एकोणीस फ्लॉप्या. त्यातल्या सातांना बुरशी.

हार्ड डिस्क मोमीनपुऱ्यातली,
शकूरभाईंच्या भंगारातून, किलोच्या भावानं.
वीस मेगाबाइट. आजचे चार फोटो मावले तर नशीब.
कंपनी तिसरीच. यंत्रानं हिचं नाव ऐकलेलं नाही,
हिच्यासाठी त्याच्या पाठीला भोकही नाही.
मधे एक कार्ड लागलं,
ते कुरिअरनं दोनदा चुकीचं आलं.
केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे,
जंपर दोनवर,
आणि साखळीच्या शेवटी टर्मिनेटर.
तो नसला तर पाठवलेला शब्द
टोकावर आपटून माघारी येतो
आणि यंत्राला वाटतं, कुणीतरी उत्तर दिलं.
(हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं.)

पहिल्यांदा काहीच नाही.
दुसऱ्यांदा फक्त स्टॅबिलायझर टकटकला.
तिसऱ्यांदा मी डिस्कला टिचकी मारली,
टरबुजाला मारतात तशी,
आणि ती फिरली.

पडद्यावर: ओळख पटत नाही. सगळं पुसायचं?

आत कुणाचं तरी काहीतरी होतं.
संत्र्यांच्या गाड्यांचा हिशेब, एखादा राजीनामा,
मला न वाचता येणाऱ्या मांडणीत.
बोट वरच राहिलं.
‘पुसून टाक,’ बाबा खाटेवरून.
‘चुकलेलं उसवल्याबिगर
पुढचं विणता येते का?’
‘चुकलेलं नाही बाबा, दुसऱ्याचं आहे.’
ते गप्प. मग नुसतंच: ‘तरी.’

आकडे चढू लागले.
आत खट्, खट्, धोटा फेकावा तसं.
बाबांनी डोळे मिटले. उजवा पाय
खाटेच्या कडेला हलायला लागला,
खाली पावडी असल्यासारखा.
तीनशे बारा. तीनशे तेरा.
‘थांब,’ ते म्हणाले, ‘धागा तुटला.’
पडद्यावर काहीच नव्हतं.
अर्ध्या श्वासानं लाल ओळ आली:
तीनशे चौदा खराब. वगळून पुढे.

‘वगळून कसा जातो बे?’
बाबांनी विचारलं, मला नाही, त्याला.
‘आम्ही गाठ मारत होतो.’

रात्री साडेनऊला पहिला काठ डिस्कवर उतरला.
कूलर लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं.
मी काठ परत उघडून पाहिला:
डावीकडून अकरावा दात नाही.
बाबा म्हणतात, तो तेव्हाही नव्हता.