भिंत धरलेली नाही

माझं काम गटारांचं. पनामा शहरात
सतरा वर्षं मी झाकणं उचलते, पट्टी आत सोडते,
पाणी कुठवर चढलं ते वहीत लिहिते.
आजचा अर्ज एदेल्मीरा बात्रेसचा:
धंदा शिवणकाम, घर एकमजली,
शेजारी बेचाळीस मजल्यांचा काचेचा मनोरा.

तिच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या,
वाढत्या पोराची उंची मोजावी तशा.
ही मेमधली. या दोन सप्टेंबरातल्या.
ही गुडघ्याच्या वरची, त्या रात्रीची,
जेव्हा कार्निव्हलसाठी शिवायला घेतलेला पोयेराचा घेर,
बारा वार पांढरंशुभ्र कापड,
डोक्यावर धरून
ती पहाटेपर्यंत खुर्चीवर उभी होती.
शिलाई मशीन चार विटांवर आहे.
पाचवी वीट जवळच, तयार.

"याआधी कधी?" मी विचारलं.
"याआधी तिथे काजूचं झाड होतं," ती म्हणाली.

मी नकाशा पसरला. मनोऱ्याचं छत
सहाशे चौरस मीटर.
तेवढ्या छतावर पडेल तेवढा पाऊस,
तेवढ्या पावसाला पुरेल तेवढा पाइप.
पाइप पुरेसा आहे.
तसं लिहायला घेतलं
आणि कागदावर अंधार आला.

पाऊस पडला नाही. चालून आला.
आडवा, खाडीवरून, वाऱ्याच्या खांद्यावर बसून,
आणि बेचाळीसच्या बेचाळीस मजल्यांवर आपटला.
लहानपणी आमच्या पत्र्याच्या घरात झड यायची
तेव्हा आई दाराला पोतं लावायची.
एवढ्या झडीला केवढं पोतं?
काचेला तहान नसते.
मनोऱ्याला वळचण नाही, पागोळ्या नाहीत,
थेंबाने जरा थांबावं अशी खाच नाही कुठे.
अंगावर आलं ते त्याने सगळं खाली सोडलं,
चाळिसाव्याची धार एकोणचाळिसाव्याच्या धारेत,
ती अडतिसाव्याच्या,
तळाशी येईस्तोवर तिचा ओढा झालेला
आणि त्या ओढ्याला एदेल्मीराचं दार तोंडपाठ.

छत सहाशे मीटर. पण भिंत?
मी मजले मोजले, रुंदीने गुणलं,
आकडा आला तो पुन्हा तपासला.
आमच्या कोष्टकांतला पाऊस
ओळंब्यासारखा सरळ पडतो.
"तुमच्या त्या पावसाला," मशीन उचलत ती म्हणाली,
"वारा कधी भेटलाच नाही का?"
मी दुसऱ्या बाजूने मशीन धरलं.
पाचवी वीट आत सरकवली.

सर ओसरायच्या आत मी मनोऱ्याला वळसा घातला.
मागच्या गल्लीत कासिल्दा नावाची म्हातारी
पपईला पाणी घालत होती. नळीने. भर पावसात.
पानांवर धूळ, माती तडकलेली.
"इमारत झाली तसा इकडे पाऊस यायचा राहिला," ती म्हणाली.
"पलीकडे पडतो तो ऐकू येतो."
आणि नळीचं तोंड अंगठ्याने दाबून
तिने पाणी जरा लांब उडवलं,
पावसासारखं.

कचेरीतल्या फॉर्मवर तीन चौकटी: छत, रस्ता, अंगण.
मी समासात लिहिलं, भिंत धरलेली नाही.
वाराही धरलेला नाही.
चौथ्या दिवशी फॉर्म परत आला:
समासात लिहू नये.
वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही,
तसंच अर्जाचंही.

शनिवारी सुट्टी होती तरी गेले.
एदेल्मीरा दोऱ्यातून सुई काढत होती की सुईतून दोरा,
मान वर न करता तिने खडू पुढे केला.
ओल अजून ताजी होती.
मी पट्टी लावली, जमिनीपासून एकसष्ट सेंटिमीटर,
रेघ ओढली, तारीख टाकली,
हुद्दा लिहिला,
आणि खाली, भिंतीवर,
पूर्ण नावानिशी सही केली.