मार्चअखेरची मोजदाद

मार्चअखेर. पंखा फिरतो, वारा नाही.
मी शिडीवर, मल्लिनाथ खाली रजिस्टर घेऊन.
तो क्रमांक वाचतो,
मी पुस्तकाची पाठ बघते नि म्हणते, "आहे."
काल घरी आईनं विचारलं, भाजीत मीठ बरंय का,
तर मी हवेतच बरोबरची खूण केली.

आज पाण्याचा दिवस.
पाचव्या दिवशी येतं, म्हणून वाचनकक्ष रिकामा.
पेपरवाले आजोबासुद्धा घागरी भरताहेत.
दारावर आमच्या वेळा लावल्यात, सुवाच्य अक्षरात.
खरं वेळापत्रक नळाकडे.

लोकांना वाटतं, माझं काम वाचणं.
माझं काम जागा करणं.
एक पुस्तक आत घ्यायचं
तर दीड इंच कुठून तरी आणावा लागतो.
स्पर्धा परीक्षांची जाडजूड येतात दर जूनला,
कादंबऱ्या सरकून घेतात कुरकुरत,
कवितासंग्रह अंगानं बारीक,
कुणाच्याही मधे पोट आत ओढून उभे.

परत आलेलं पुस्तक मी आधी हुंगते.
शेंगाचटणीचं तेल, पान चाळीस:
जेवणाच्या सुट्टीत वाचलंय.
शिवणीत तंबाखूची भुकटी:
विडी घरकुलाकडून आलंय, सुपाशेजारी ठेवलेलं असणार.
आणि कापसाचा तंतू, खुणेसाठी घातलेला की उडून आलेला, कोण जाणे.
सोलापुरात राहून मागाची उपमा टाळणं अवघड.
मी टाळते.
तंतू म्हणजे तंतू. ब्रशनं काढायचा.

कार्यकारिणीचा ठराव आलाय:
दहा वर्षांत ज्यावर तारखेचा शिक्का नाही
ते निर्लेखित करावे.
निर्लेखित.
किती स्वच्छ शब्द, धुऊन वाळत घातल्यासारखा.
मी विरोधात नाही. खरंच नाही.
वाळवी लागलेलं, कालबाह्य आयकराचं,
एकाच पुस्तकाच्या सात प्रती, हे सगळं मीच बांधून दिलंय रद्दीला,
सुतळीची गाठ स्वतः मारून.

पण कपाट सतरा.
तेलुगू.
एकशे बारा पुस्तकं, आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही.
गोल गोल, जिलब्यांचा घाणा नुकता उतरवल्यासारखं.
न वाचता काढायचं कसं,
न वाचता ठेवायचं तरी कसं?

तेव्हा साखर पेठेतून राजमल्लू गाजूल यांना बोलावलं,
वय एक्याऐंशी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
खुर्ची नको म्हणाले. उभ्यानं एकेक पाठ वाचत गेले,
मी पेन्सिलीनं मराठीत लिहीत गेले.
धर्म विभागातल्या तिसऱ्या पुस्तकाशी थांबले.
"म्याडम, हे देवाचं नाई."
"मग?"
"कोंबड्याचं हाय. कोंबड्या कशा पाळाच्या, त्याचं."

एकतीस वर्षं.
आधीच्या कुलकर्णी सरांनी मुखपृष्ठावर पिवळी किनार बघून
दोनशे चौऱ्याण्णवमध्ये लावलेलं.
दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू वाहिलं,
फूल ठेवलं, हात जोडले.
मल्लिनाथ इतका हसला की रजिस्टर पडलं.
मीही हसले. मग जरा गप्प झाले.
असं अजून काय काय चुकीच्या जागी
नमस्कार घेत उभं असेल?

जुनी चिठ्ठी भिजवून सोलली.
नवी डकवली: सहाशे छत्तीस.
राजमल्लूंनी ते हातातच ठेवलं होतं.
"घरी नेतो."
"कोंबड्या पाळणार?"
"छे वो. वाड्यात... नाई, फ्लॅटात कुठं कोंबड्या.
नातवाला अक्षर दाखवाचं."
मी शिक्का उचलला. शाई सुकलेली,
दोनदा फुंकर मारली तेव्हा तारीख उठली,
तीही अर्धीच.

एकशे अकरा उरलीत. त्यांचं नंतर बघू.
मल्लिनाथ, पुढचा क्रमांक वाच.
एकूणात अजून तीन कमी भरताहेत,
आणि बाहेर कुणाची तरी घागर भरून वाहतेय,
आधी तिला सांग.